मिरचीचा खाट आणि माझे चार दिवस

त्या मुलीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात मी बारा वर्षं औषधशास्त्र शिकवते. मूळची लातूरची, शिकवण्यांच्या गल्लीत वाढलेली. आम्हा लातूरकरांना आपल्या डोक्याचा भारी गर्व. आणि ही हदगावकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. संशोधनाला येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच आमचे विभागप्रमुख सर तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायला लागले. माझ्या टेबलाशी ते कधी थांबलेसुद्धा नाहीत.

तिचं काम दम्यावर होतं. तिच्या वडिलांनाच दमा. सोयाबीनची मळणी सुरू झाली की ते शेत सोडून गावात येऊन बसत. दम्याच्या पंपानं छाती मोकळी व्हायची, पण खोकल्याची उबळ हटायची नाही. श्वासनळीच्या अस्तरात संवेदी नसा असतात आणि त्यांच्या टोकांवर बारीक दारं. आम्ही त्यांना चॅनेल म्हणतो. धूळ, धूर, तिखट लागलं की दार उघडतं, नस बोंब मारते आणि माणूस खोकून खोकून बेजार होतो. ते दार बंद ठेवणारं औषध तिनं बनवलं होतं. असं काहीतरी करायचं माझ्याही मनात होतं. मनातच राहिलं, आणि त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

एप्रिलमध्ये तिनं गिनीपिगवर चाचणी सुरू केली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग काचेच्या पेटीत ठेवून मिरचीतल्या तिखट द्रव्याचा फवारा द्यायचा आणि खोकले मोजायचे. एक जनावर एकदाच वापरायचं, आणि प्राणीप्रयोगांच्या समितीनं मंजूर केली तेवढीच जनावरं. पहिले दोन दिवस पाणीवाले खोकून हैराण, औषधवाले शांत. सरांनी पेढे मागवले. मी पेढा खाल्ला, गोड हसले, आणि घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

पुढच्या आठवड्यात ती उतरल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आली.

"मॅडम, बघा की. ज्यांना औषध दिलंच नाही, ते पण खोकून नाही राहिले. मग माझ्या औषधानं केलं काय?"

"होतं असं," मी म्हटलं. मला बरं वाटलं. बरं काय, गार वाटलं.

त्याच संध्याकाळी मी माझा मसाला आणायला गेले. उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करून ठेवायचा ही आमच्याकडची रीत, आणि प्राणीघर सांभाळणाऱ्या मामांच्या बायकोकडे आमच्या अख्ख्या स्टाफची ऑर्डर असते. प्राणीघराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामी भल्यामोठ्या कढईत मिरच्या भाजत होत्या. दारात पाय ठेवताच मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मामी मात्र निवांत.

"तुमचे पेढे वाटले ना, त्याच्या दुसऱ्या रोजी कढई चढवली. पहिले दोन-तीन रोज मी बी लई ठसकले बगा, मॅडम. आता काई वाटत न्हाई. नाक मेलंय माझं."

मी डोळे पुसत वर पाहिलं. उन्हानं जनावरं तडफडू नयेत म्हणून प्राणीघराच्या मागच्या खिडकीत कूलर बसवलेला होता, आणि तो शेडमधला सगळा खाट, मिरचीचा तो झोंबरा धूर, आत ओढत होता. जे मामींचं झालं तेच जनावरांचं. रोज तिखट धूर हुंगून हुंगून त्यांच्या नसा सुन्न पडल्या होत्या. जनावरं आता फवाऱ्याला दादच देत नव्हती, औषध मिळो न मिळो. औषधाचा काहीच दोष नव्हता. कूलर बंद करून काही दिवस थांबलं, तर त्या नसा पुन्हा जाग्या होणार होत्या.

ती मुलगी वरच्या मजल्यावरच बसलेली होती. वीस पायऱ्या चढायच्या होत्या. मी मसाल्याचा डबा उचलला आणि घरी आले.

उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, एवढी हुशार आहे ना, शोधू दे की तिची तिला. चौथ्या दिवशी तिनं उरलेली जनावरं चाचणीला घेतली तेव्हा मी शेजारच्या खोलीतच होते. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज दर वेळी ऐकत होते.

पाचव्या दिवशी सकाळी जिन्यात ती फोनवर बोलत होती. "बाबा, न्हाई जमलं ओ. औषधच खोटं निघालं." पलीकडून वडील काहीतरी बोलायला गेले आणि खोकत सुटले. ती फोन कानाला धरून, खोकला थांबायची वाट बघत नुसती उभी राहिली. मग माझ्यानं राहवलं नाही. मी तिला हाताला धरून कूलरपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. कधी लक्षात आलं, एवढं सोडून.

तिनं कूलरच्या जाळीला नाक लावलं आणि तिला ठसका लागला.

"पण मॅडम, जनावरं तर काल संपली."

"हो," मी म्हटलं.

आणि ती माझ्या पायाच पडली. "तुम्ही सांगितलं म्हणून. नाहीतर मी जन्मभर औषधालाच नावं ठेवली असती."

जूनमध्ये तिची शिष्यवृत्ती संपली. आता ती लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिचं औषध आमच्या फ्रीजरमध्ये आहे. नव्या जनावरांच्या परवानगीसाठी तिनं अर्ज पाठवलाय, आणि मंजुरी कधी येईल कुणालाच ठाऊक नाही. मला अजूनही तिचा हेवा वाटतो, फक्त कशाचा ते आता बदललंय. अर्जात पहिली चाचणी का फसली ते तिनं सविस्तर लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: ही चूक मॅडमनी वेळीच लक्षात आणून दिली. त्या मजकुराखाली, सगळं खरं असल्याबद्दल, माझी सही हवी होती. मी केली.