चार घरांच्या सोळा रेषा

...आणि भाटियाजींनी खिशातून फूटपट्टी काढली. नोटीस बोर्डाची काच सरकवली, पट्टी आमच्या नावावर आडवी धरली आणि मोठ्यांदा वाचलं, "बाकी सबका तीन सेंटीमीटर. कुलकर्णी साहब का नौ."

मागे उभी असलेली तीसेक माणसं पुढे सरकून काचेवर वाकली. वरून एक विमान गेलं, तिकडे कुणी बघितलंही नाही.

दिल्लीच्या द्वारकेतली आमची सोसायटी तेव्हा अर्धवट होती. रस्ता नाही, लिफ्ट नाही, नुसती माती आणि सेक्टरच्या पाट्या. आदल्या रविवारी चिठ्ठ्या काढून कुणाला कुठला फ्लॅट ते ठरलं होतं. त्याचा तक्ता मी गुडगावच्या माझ्या नव्या ऑफिसातून स्प्रेडशीटवर छापून आणला होता. एक ओळ म्हणजे एक मजला, एक चौकोन म्हणजे एक घर, आत मालकाचं नाव.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, बिनपगारी. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस. ऑफिसची टाचणी चुकून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी परत न्यायचे...

तक्त्यात आमचं नाव चौथ्या मजल्यावर, पार्कच्या बाजूला. दोन्हीकडचे फ्लॅट अजून कुणाला दिलेले नव्हते, म्हणून ते चौकोन रिकामे. आणि मधल्या रेषा... नव्हत्याच. एका लांबलचक घराच्या मधोमध 'कुलकर्णी'.

"ऊपर की लाइन भी नहीं है," मागून कुणीतरी म्हणालं. "डुप्लेक्स है जी."

बाबांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "चलिए, ऊपर चलकर देखते हैं."

तीस माणसं चार जिने चढली. भाटियाजींचं करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान. वस्तू ठोकून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांनी डावी भिंत ठोकली, उजवी ठोकली. वर बघितलं. छत होतं.

"दीवार तो बाद में भी टूट सकती है," ते म्हणाले.

सगळे परत खाली. तेवढ्यात मिसेस भाटियांना तक्त्यात आणखी तीन घरं सापडली. परेरांना चोप्रांच्या बाजूची भिंत नव्हती. देशपांड्यांना जमीन नव्हती. शेखांचं घर चारी बाजूंनी उघडं. "इनका आपस में क्या रिश्ता है?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"रिश्ता क्या होगा? एक सोलापुर का, एक वसई का, दो पूना के..." भाटियाजी तिथेच थांबले. "ओए, ये तो सारे मराठी हैं!"

मग कुणीतरी हळूच म्हणालं, सेक्रेटरी दुसरा बघू या. बाबांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, कारण तोवर मला कळलं होतं, हे माझ्यामुळे झालंय...

झालं होतं असं. तक्त्याची एक प्रत मी आईसाठी रंगवली होती. दिल्लीत वीस वर्षं राहूनही तिला जवळपास मराठी घरं हवी होती. "आपली माणसं कुठे कुठे आलीत ते दाखव ना," म्हणाली. मी चार चौकोन पिवळे केले.

बोर्डावरच्या प्रतीत पिवळं दिसायला नको, म्हणून त्याच चौकोनांना पांढरा रंग दिला. रंग काढून टाकायची सोय वेगळी असते, ती मी वापरली नाही. कागद पांढरा, रंग पांढरा... फरक काय पडणार?

फरक एवढाच, की रेषा मी वेगळ्या आखल्या नव्हत्या. शीटवर आपोआप दिसतात त्या फिकट रेषाच छापल्या होत्या. चौकोनात रंग भरला की त्या रंगाखाली जातात. पांढरा असला तरी. आणि छापलेला कागद न बघताच मी लिफाफ्यात घातला होता.

हे सगळं मी हिंदीत सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मराठीत विचारलं, "पण पिवळा का दिला होतास?"

मी काही सांगणार, तेवढ्यात गर्दीतून आई पुढे आली. तिचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. "मैंने बोला था. हळदी-कुंकू को कौन कौन आएगा, वो देखने का था."

मिसेस भाटियांनी तक्त्याकडे बघितलं. मग आईकडे. "शेख को बुलाओगी?"

"हां."

"परेरा को भी?"

"हां."

"और हमको?"

आई अडखळली. "आपको तो मराठी नहीं आता..."

"लो! हल्दी लगवाने में बोलना क्या पड़ता है?"

पहिल्यांदा शेखकाका हसले. मग सगळेच. भाटियाजींनी फूटपट्टी खिशात ठेवली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहब, फ्लैट की बात ख़तम. असली घोटाला तो ये है, हमें बुलाया ही नहीं."

बाबा मात्र हसले नाहीत. घरी जाताना बसमध्ये एकदाच म्हणाले, "झाकू नये. काढून टाकावं, नाहीतर राहू द्यावं." आजही शीटमध्ये रंग भरताना माझा हात क्षणभर थांबतो...

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसच्या आधी, बाबा मला द्वारकेला घेऊन गेले. नवा तक्ता छापून आणते म्हटलं, तर नको म्हणाले. एकदा लावलेला कागद बदलायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो. मी पट्टीनं सोळा रेषा ओढल्या. प्रत्येक रेषेपाशी त्यांनी छोटी सही केली आणि तारीख घातली.