वर्षासाठी आणलेल्या बांगड्या

भूपेंद्र सुरतेच्या कापड मार्केटात साड्या विकतो. मोबाईलवर लाइव्ह विक्री असली की शेठ मॉडेल बोलावत नाही. लांब बाह्यांचं ब्लाउज घालून भूपेंद्रच साडी नेसतो आणि कॅमेरा गळ्याखालीच राहतो. अंगानं इतका नाजूक, की कुणाला शंका येत नाही.

लग्न होऊन त्याच्या घरी कोसाडला आलेल्या हर्षदालाही आली नाही. "ही कोण हो?" तिनं व्हिडिओ बघून विचारलं. खरं सांगायला काय धाड भरली होती? पण त्याला लाज वाटली. "वर्षा. सचिन गावाहून येते," तो म्हणाला. बायकोचा चेहरा उतरला, आणि गड्याला चक्क बरं वाटलं! मग रोज जेवताना वर्षाचं कौतुक. तिच्या निऱ्या बघ, तिचा पदर बघ.

एका दुपारी हर्षदा थेट दुकानात आली. लाइव्ह चालू होतं. भूपेंद्रनं पदर डोक्यावरून ओढून तोंड फिरवलं.

"वर्षाताई," ती अवघडून म्हणाली, "मला तुमच्यासारखी साडी नेसायला शिकवाल? यांना तशीच आवडते." वर्षासाठी आणलेल्या बांगड्या भरायला तिनं त्याचा हात धरला, बाही वर सारली. मनगटावर त्यानं साखरपुड्याला गोंदवून घेतलेलं नाव होतं. हर्षदा.

भूपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर घसरला. गंमत वाटून शेठनं मोबाईल त्याच्या तोंडाकडे वळवला.

हर्षदानं पदर उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढला.

"झाका," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."