डिशवॉशरचा दसरा

आमच्या घरात विजेचं सगळं ज्ञान माझ्याकडे आहे, असं फक्त मला वाटतं. राजपुऱ्यातल्या शाळेत मी वर्षानुवर्षं दहावीला विद्युतधारा शिकवतोय. (मुलं तरीही पास होतात!)

दसऱ्याला माझा मेहुणा दिनेश शाहपूरहून सहकुटुंब जेवायला आला. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सगळा थाट. भांडेवाल्या बाईंना मी सकाळीच राजेशाही सुट्टी देऊन टाकली. "खुशाल जा! लेकीनं डिशवॉशर पाठवलंय ना!" बायकोनं, सुनंदानं, तरीही घासणी हाताशी काढून ठेवली.

जेवणं झाली. संध्याकाळी सगळी गल्ली सोनं द्यायला येणार, आणि स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांचा डोंगर! मी मशीन भरलं, ऐटीत बटण दाबलं. ढिम्म!

"सप्लाय तपासू," म्हणत मी त्याच सॉकेटला इस्त्री लावली. इस्त्री तापली. सुनंदाही.

"जिजाजी, आमच्या केळीच्या मोटरचं बी असंच होते," दिनेश बाह्या सरसावत म्हणाला. "पहिले स्टार्टर देखा."

"याला स्टार्टर नसतो, दिनेश."

"मंग ते चालीन कसं?"

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. मी मेन स्विच बंद केला. पंखे थांबले, टीव्ही गेला, दिवाणखान्यातून पाहुण्यांचा आरडाओरडा सुरू झाला. मशीन भिंतीपासून ओढलं, तर मागची पाण्याची नळी निसटली आणि तापीमाई थेट स्वयंपाकघरात!

"पाणी तर येऊन राहिलं!" दिनेशला आनंद झाला. "मोटर चालू झाली वाटते!"

मी तोटी बंद केली, पाटावर उभा राहून मागचा पत्रा खोलला, तारांकडे गंभीरपणे पाहिलं आणि निदान केलं, "आतला बोर्ड जळालाय. इंदूरहून माणूस बोलवावा लागेल."

"अहो, हे दारच लागून नाही राहिलं," सुनंदा म्हणाली.

दार नीट लागल्याशिवाय हे मशीन सुरूच होत नाही. आणि सकाळी यंत्रपूजा करताना पूजेचा लाल दोरा, म्हणजे नाडा, बांधायला मूठ सापडली नाही, म्हणून एका विद्वानानं तो दाराच्या खटक्यातूनच ओवून घट्ट गाठी मारल्या होत्या. वर झेंडूचं फूलही खोचलं होतं! (विद्वानाचं नाव विचारू नका. तो दहावीला शिकवतो.)

मी कात्री उचलली.

"खबरदार!" सुनंदा कडाडली. "पूजेचा नाडा दसऱ्याच्याच दिवशी कापता? उद्या आंघोळ करून सोडा."

"मग भांडी?"

तिनं माझ्या हातात घासणी दिली.

गल्ली सोनं घेऊन आली तेव्हा मी मोरीत उकिडवा बसलो होतो. दिनेश एकेकाला आत आणून दाखवत होता, "देखा, जिजाजी मशीन रिपेर करून राहिले!"

दुसऱ्या दिवशी नळी आणि पत्रा जागेवर बसवला, नाडा सोडला. मशीन एका बटणात सुरू झालं. सुनंदानं त्यातलं ताट उजेडात धरलं आणि नाक मुरडलं. "छे! तुमच्या हातची चमक नाही याला."

आता मशीनमध्ये आम्ही पापड ठेवतो, आणि जेवणं झाली की मी मोरीत असतो. मशीनला निदान बिघडता तरी येत होतं. मला तीही सोय नाही.