पत्रात पडलेली भिंत

माझं माहेर इंदापूरचं. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी सांगवीत आले. आळीत लिहिता येणारी बाई मी एकटीच, त्यामुळे सगळ्या बायकांची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारची भांडी आवरली की कुणीतरी कोरं कार्ड घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसे.

धरणीकंपाचा धक्का बसला तोही दुपारीच. थंडीचे दिवस होते. मी पाटाच्या कडेला धुणं धूत होते. पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की डोळे आपोआप मिटत होते. एकाएकी पाणी वाहायचं विसरलं. त्यावर सायीसारख्या बारीक सुरकुत्या उठल्या आणि पायाखालचा दगड हलला, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. पेरूच्या बागेतले राघू एकदम उडाले. मग पाणी पुन्हा वाहू लागलं. मला भीती अशी वाटलीच नाही. आणखी थोडा वेळ तसंच राहावं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या दुकानातली भाभी आली. तिची लेक बारामतीला दिलेली, तिला आठवा महिना. दुकानातल्या बऱ्याच बांगड्या फुटल्या होत्या, काचा गोळा करताना भाभीचा तळवा कापला होता, त्याला चिंधी बांधलेली होती. तिनं लिहायला सांगितलं, की इकडं कुणाला काही कळलंसुद्धा नाही, तू सुखानं जेव आणि झोप. मी तसं लिहिलं.

तिच्यामागून शेजारची मावशी आली. ती एकटी राहायची, मुलगा दौंडला आगगाडीच्या यार्डात कामाला.

"लिही, परसातली भिंत पडली," ती म्हणाली.

मी मान वर केली. भिंत ओसरीवरून समोरच दिसत होती, उन्हात, धडधाकट.

"मावशी, भिंत हाय की."

"तुला दिसती. त्याला दौंडातनं दिसत न्हाय." मग हळूच म्हणाली, "दीड वरीस झालं त्याला येऊन."

मी भिंत पाडली.

पाचव्या दिवशी मुलगा आला. पिशवी दारात ठेवून तो थेट परसात गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीवरून तळवा फिरवत चालला. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते, ती त्याला दिसले.

"वैनी, पत्र तुमीच लिहिलं न्हवं?"

मी व्हय म्हणाले. धक्क्यानं हलले नव्हते एवढी आता आतून हलले. पण त्यानं आवाज चढवला नाही. त्या दिवशी फार झालं होतं का, एवढंच विचारलं. मावशींना फार वाटलं, असं मी म्हणाले. त्यानं मान हलवली.

सकाळी जाग आली ती पहारीच्या आवाजानं. तो भिंत पाडत होता, वरून खाली, सावकाश. मग त्यानं माती भिजवली, पायांनी तुडवली. आठ दिवस तो राहिला. मावशी उन्हात बसून त्याच्या हातात मातीचे गोळे देई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत कशी पडली ते सांगे. तोही मान डोलावी. ओल्या मातीचा वास आमच्या घरात भरून राहिला होता. त्या भिंतीला धक्का लागलाच नव्हता, हे पुढं आळीत कुणाला पटलं नसतं.

मी माझ्या आईलाही एक कार्ड लिहिलं होतं. त्यात मी घरात दळत होते आणि ह्यांनी धावत येऊन मला हाताला धरून बाहेर ओढलं. खरं तर हे तेव्हा उसाच्या फडात होते, त्यांना धक्का समजलाही नव्हता. पण सासरी माझी कुणी काळजी घेतं का, या विचारानं आईला झोप लागत नसे.

उन्हाळ्यात आई सांगवीला आली. जेवताना तिनं ह्यांच्यापुढं हात जोडले, माझ्या लेकीला वाचवलंत म्हणाली. मी चुलीकडे तोंड फिरवलं. ह्यांचा घास हातातच राहिला. क्षणभर त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असावं.

"मग, वढायला नगं व्हय?" ते म्हणाले आणि जेवू लागले.