लडाखच्या डोंगरांवर उईगुर धून

बोरीवलीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. लडाख फिरून आल्यावर त्याने स्वतः काढलेली कॅसेट आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली. डोंगरांच्या दृश्यांवर सीमेपलीकडच्या उईगुर लोकांची जुनी धून होती. लेहमधल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला वाजवायला लावून त्याने ती टेप केली होती.

"यार, सिनेमाचं गाणं टाक ना," मी म्हणालो.

त्याने मान न वळवता आवाज वाढवला. "ओळखीचं गाणं लागलं की माणसं गुणगुणत बसतात रे, बघत नाहीत."

मला तो आगाऊ वाटला.

पुढे माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट त्यानेच केली. पाठवणीला नेहमीचं रडकं गाणं नव्हतं, तीच धून होती. मांडवाच्या खांबाआड डोळे पुसणारे बाबा मला ती कॅसेट बघताना पहिल्यांदा दिसले.