खाणीच्या तोंडाशी सुटलेली नाडी

सुनेच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही नागपूरकडं गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलानं मोबाइलवर बघून सांगितलं की जवळच कोळशाची खाण आता लोकांना दाखवतात. वर बाग आहे, पोरांना बसायला छोटी रेल्वे आहे, आणि खाली उतरवूनही फिरवून आणतात. नातू आणि नात रेल्वेसाठी उड्या मारायला लागले. मला रेल्वेचं काही नव्हतं. मला खाली जायचं होतं. पण तसं मी कुणाला म्हणाले नाही.

माझे वडील खुलताबादजवळच्या आमच्या खेड्यातून चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत कामाला गेले होते. माझं लहानपण तिथंच गेलं. पुढं त्यांना खोकला लागला, आम्ही गावी परत आलो आणि माझी शाळा चौथीलाच सुटली. तिथं असताना दुपारी मी वडिलांचा डबा घेऊन खाणीच्या तोंडापर्यंत जायची. तोंडाशी दोरी बांधलेली असायची, तिच्यापुढं बाईमाणसानं जायचं नाही. दोरीशेजारी देवीचं लहानसं ठाणं होतं. वडील पायातले बूट काढून तिला हात जोडायचे, मलाही चप्पल काढायला लावायचे, मग बूट घालून आत जायचे. "आत काय असतं?" असं मी विचारलं की म्हणायचे, "अंधार." यापुढं एक शब्द नाही. माझा बाप दिवसभर कुठं असायचा ते मी कधीच बघितलं नाही.

खाणीत चप्पल चालत नाही, बूटच लागतात, असं मोबाइलवर लिहिलं होतं. सून म्हणाली, "आई, माझे घाला, मापाचे होतील." नाडीचे बूट मी जन्मात घातले नव्हते. तिनं खाली बसून माझ्या पायात घातले, घट्ट बांधून दिले. तिची आई दारातून म्हणाली, "वा गं! सासूची एवढी सेवा? मला तर कधी चहाचा कप नाही दिला उचलून." सगळे हसले. मीही हसले.

तिकिटाच्या खिडकीवर मुलगा त्या माणसाला म्हणाला, "आमचे आजोबा पण खाणीत होते बरं का." मला वाटलं, आता हा मागं वळून मला काहीतरी विचारील. त्यानं खिडकीतल्या माणसालाच विचारलं, "आत फोटो काढू देतात ना?"

मग बाग झाली, फोटो झाले, रेल्वे झाली, नातवानं हट्ट केला म्हणून परत एकदा रेल्वे झाली. मी बाकड्यावर बसून नुसती आमची पाळी कधी येते याची वाट बघत होते. शेवटी बोलावलं. पिशव्या, पर्सा जमा करून घेतल्या, डोक्याला टोप्या दिल्या. माझा चष्मा सुनेच्या पर्समध्येच राहिला.

तोंडाशी देवी होतीच. शेंदूर, झेंडूची माळ, लाल झेंडा. लोक चालता चालताच बुटासकट हात जोडत होते. माझा पाय पुढं उचलेना. मी बाजूला झाले आणि बूट काढायला गेले. गाठ निघेना म्हणून जोरात ओढली, तर नाडी वरच्या भोकांतून पार बाहेर आली. हात जोडले. मग बूट चढवले आणि भोकं शोधायला लागले. चष्म्यावाचून मला सुई दिसत नाही, ती भोकं काय दिसणार?

दारावरचा माणूस आला. "मावशी, नाडी बांधा न लवकर."

"बांधते, बांधते."

तो खाली वाकला. "आणा इकडं, मी बांधून देतो."

मी पाय मागं घेतले. परका पुरुष, मुलाच्या वयाचा, देवीसमोर माझ्या पायाला हात लावणार! "नको, नको," म्हणाले.

"मग बसा तिथं. मोकळ्या नाडीनं नाही सोडता येत. तुम्ही पडल्या तर बोलणी मी खाईन."

आमची माणसं पुढं उतारावर दिसत होती. मुलाला वाटलं मी सुनेबरोबर आहे, सुनेला वाटलं मी मुलाबरोबर. एक हाक मारायची होती. इतक्या लोकांत ओरडायची लाज वाटली. दार लागलं.

ते वर आले तेव्हा मी तिथंच बसलेली. सून म्हणाली, "अहो आई, आवाज तरी द्यायचा!" मुलगा म्हणाला, "जाऊ दे, बरंच झालं. दम लागला असता तुला. तसं लई काय नव्हतं आत."

नात म्हणाली, "आजी, पुतळे होते. एक जण डबा खात होता."

"डबा कुणी आणून दिला होता?"

"आजी, तो पुतळाय! त्याला कोण देणार?"

मी मुलाला हळूच विचारलं, "अजून एक फेरी असती का रे?" तो गाडीची किल्ली चाचपत होता. म्हणाला, "असंल, पण आता निघू. लांब जायचंय." मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला अजून राग येतो. मुलावर जेवढा येतो तेवढाच माझ्यावर.

पडेगावला घरी आल्यावर कुणी पाहुणं आलं की मुलगा तिथले फोटो दाखवतो. "ही बघा, आमच्या आजोबांची खाण." ती त्यांची नव्हेच. त्यांची केव्हाच बंद पडून पाण्यानं भरली. मी चहा ठेवते आणि आत जाते.

काल रिक्षा करून एकटी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले आणि बिननाडीचे, चिकटपट्टीचे बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "काकू, सकाळच्या फिरण्याला का?"

"खाणीत जायला," मी म्हणाले. तो हसला. त्याला गंमत वाटली असावी.

संध्याकाळी मुलानं दारात बूट बघितले. "हे कुणाचे?"

"माझे. मला खाणीत खाली जायचंय. तुला सुट्टी कधी आहे?"

त्यानं एक बूट उचलून बघितला. "आई, सगळं बघून झालं की तिथलं."

"तुमचं झालं. माझं नाय."

"बघू," म्हणाला आणि आत गेला.

मी बूट कपाटात ठेवलेले नाहीत. दारातच आहेत, जाता-येता त्याच्या पायात येतील असे.