वास उडवलेलं पाणी

इस्त्रीवाल्या मावशीकडचं पाणी प्यायला अख्खी गल्ली यायची. खोटं वाटत असेल तर विचारा कुणालाही! नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास, आणि तो घालवण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी पिंप भरायचं, झाकण काढून ठेवायचं, रातोरात वास उडून जातो. कपडे द्यायला आलेला माणूस सकाळी त्यात तांब्या बुडवून घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "वा मावशी, काय गोड पाणी!" एवढ्यावर बाईंची स्वारी दिवसभर हवेत. ही युक्ती तिने घरोघर शिकवली होती, तीही फुकटात.

फक्त समोरची शिंपीण बधायची नाही. "वास आहे तोवर औषध आहे गं बाई," म्हणत ती नाक दाबून नळाचंच पाणी प्यायची.

"नाकाला रुचत नाही ते पोटाला कसं रुचेल?" मावशीचा सवाल ठरलेला.

आणि अशा मावशीला तिच्या लेकीने फोनवर काय सांगावं? "आई, सुट्टीत आम्ही येत नाही. मागच्या खेपेला पोरीला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं. तुझं पाणी बाधतं तिला."

"माझं पाणी?" मावशीचा पारा असा चढला की इस्त्री शर्टावर तशीच राहिली. शर्ट गेला! नातीला बघायला तिचा जीव तुटत होता, आणि वर पाण्यावर हा आळ.

तेवढ्यात देवच पावला म्हणा ना! दवाखान्यातली नर्स छोट्या बाटल्या घेऊन गल्लीत आली. बाटलीत तपासणीची पूड होती; पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, घाण असेल तर ते काळं पडतं. मावशीने झडप घालून दोन घेतल्या. एकीत पिंपातलं पाणी भरून तिच्या गळ्यात लाल दोरा बांधला, दुसरीत शिंपिणीच्या नळाचं. दोन्ही खिडकीत ठेवल्या. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

मग काय विचारता! येणारा-जाणारा खिडकीत डोकावायचा. मावशीचं कामात लक्ष लागेना. लेकीला काय काय सुनवायचं, ते सगळं तिने मनात घोकून ठेवलं होतं.

आणि पडली काळी एक बाटली. लाल दोऱ्याची!

"दोरा बदलला कुणीतरी!" मावशी कडाडली. पण गाठ तिच्याच हातची होती.

बाटल्या बघायला परत आलेली नर्स म्हणाली, "मावशी, वासाबरोबर औषधही उडालं. वर उघडं पिंप, आणि त्यात सगळ्यांचे हात."

मावशी मटकन खाली बसली. "म्हणजे माझ्या नातीला मीच पाजलं ते?" तिला रडू आवरेना. शिंपीण धावत आली, पण हसली नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

पण ही बाई बसून राहणारी थोडीच! डोळे पुसले, काळी बाटली उचलली आणि निघाली दारोदार. "बघा गं, माझं काळं पडलं! मीच शिकवलं, आता मीच सांगते. पिंपं झाका, तांब्या बुडवू नका, वास राहू दे!" मग लेकीला फोन. घोकलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाली, "तुझं खरं होतं गं. घेऊन ये तिला."

लेक आली. झाकलेल्या पिंपाला आता खाली तोटी होती. नातीने पेला तोंडाला लावला आणि नाक मुरडलं. "शी, आजी! पाण्याला वास येतो!"

"येतो ना?" मावशी आनंदाने ओरडलीच. "मग पी, माझी बाय, पोटभर पी!"